गाडीखालचं जुनं अँटी-रस्ट कोटिंग घरी कसं काढावं?

गाडी रत्नागिरीत, बारा वर्षांची. खालच्या डांबरी कोटिंगचे पोपडे सुटलेत, म्हणून सगळं खरवडून नवं मारायचंय, असं तुम्ही विचारलंय. सगळं खरवडू नका. घट्ट चिकटलेलं कोटिंग अजून काम करतंय. घात करतो तो सुटलेला भाग: पापुद्र्यामागे खारं पाणी शिरतं, वाळत नाही, आणि वरून काळंभोर दिसत असताना आत पत्रा खाल्ला जातो. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. बद्द आवाज येईल तिथे उघडा.

आधी रॉकेलात भिजवलेली चिंधी एका कोपऱ्यात मिनिटभर घासा. काळी-तपकिरी झाली तर डांबरी. काहीच उतरलं नाही आणि रबरासारखं लागलं, तर बहुधा कंपनीचं पीव्हीसी. ते शाबूत असेल तर तसंच ठेवा, सांध्यांवरचं सीलंटही. पीव्हीसी जाळलं तर आम्लाचा वायू सुटतो.

नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका, स्टँड लावा. चश्मा-मास्क हवाच. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, आतलं मॅटिंग उचला, नाहीतर वरचा फोम जळेल.

हीट गन (गरम हवा फेकणारं यंत्र) कमी आचेवर, एका वेळी वीतभर जागा. कोटिंग चिक्कीच्या पाकासारखं लवचिक झालं की लांबी (पुट्टी) लावायच्या पट्टीने आडवं सरकवा, पट्टा निघतो. धूर आला म्हणजे जास्त तापलं. पेट्रोलची टाकी, इंधनाची नळी, ब्रेकचे होज आणि वायरिंग यांच्याजवळ हीट गन नकोच. तिथे फक्त प्लॅस्टिकची पट्टी आणि धीर. ग्राइंडरला वायर ब्रश लावून सुरुवात करण्याची चूक बरेच जण करतात. डांबर गरम होऊन ब्रशला भरतं, पत्र्यावर फासलं जातं आणि काम दुप्पट होतं. ब्रश शेवटी, फक्त गंजावर.

उरलेला चिकटा रॉकेलाने पुसा, पण पत्रा थंड झाल्यावर, आणि त्यानंतर हीट गन चालवू नका. एनसी थिनर (रंग पातळ करायचं तीव्र द्रावण) टाळा, चांगला रंगही उचलतो. मग साबणाने धुऊन पूर्ण वाळवा. स्क्रू-ड्रायव्हर टेकवल्यावर पत्रा आत गेला तर वेल्डिंगच, लांबी भरून झाकू नका.

खड्ड्यांतल्या गंजाला रस्ट कन्व्हर्टर (गंजाचा स्थिर थर बनवणारं रसायन), त्यावर दोन-घटकी इपॉक्सी प्रायमरचे दोन हात, मग नवं कोटिंग. सायलेन्सर, ब्रेकचे भाग आणि फिरणारे शाफ्ट सोडा. दाराखालच्या पट्टीतली पाणी निचऱ्याची भोकं आगपेटीच्या काडीने मोकळी करून घ्या. बहुतेक वेळा मागच्या कोटिंगनेच ती बुजवलेली असतात.