एमएसएमक्यूची रांग वाचण्यासाठी उघडताना ‘शेअरिंग व्हायोलेशन’ ही त्रुटी का येते?

वणीकडील जिनिंगमध्ये काट्यावरची वजने एमएसएमक्यूच्या (विंडोजमधील, प्रोग्रामांनी एकमेकांना संदेश पाठवण्याच्या सेवेच्या) रांगेत संदेश म्हणून जमा होतात आणि पावतीचा प्रोग्राम चालू असताना दुसरा प्रोग्राम तीच रांग उघडू शकत नाही, असा आपला प्रश्न आहे.

बहुधा पहिल्या प्रोग्रामने रांग उघडताना ‘डिनाय रिसीव्ह शेअर’ दिले असावे. तसे असल्यास तो प्रोग्राम आपला हँडल (उघडलेल्या रांगेचा ताबा) बंद करीपर्यंत दुसऱ्या कोणालाही त्या रांगेतून संदेश घेता येत नाहीत. दोन्ही ठिकाणी ‘डिनाय नन’ (कोणालाही मनाई नाही) द्यावे. मात्र ‘रिसीव्ह’ने वाचलेला संदेश रांगेतून निघून जातो, त्यामुळे तेच वजन दुसऱ्या प्रोग्रामला मिळणार नाही, त्याला नुसते पाहायचे असेल तर ‘पीक’ प्रवेशाने उघडणे योग्य ठरेल.

आपल्याकडील खंडित वीजपुरवठा पाहता माझ्या मते खरी काळजी वेगळीच आहे: संदेश ‘रिकव्हरेबल’ (डिस्कवर लिहून ठेवले जाणारे) म्हणून पाठवलेले नसतील, तर संगणक बंद पडताच ते नष्ट होतात. शिवाय नेटवर्कची लाइन तुटलेली असताना पाठवलेले संदेश पाठवणाऱ्या संगणकावर थांबून राहतात. पण दूरच्या संगणकावरील रांगेतून वाचण्यासाठी जोडणी चालूच लागते, म्हणून वाचणारा प्रोग्राम रांग असलेल्या संगणकावरच ठेवावा.