न वाचणाऱ्या भाच्याला पुस्तक देताय?
अहो, पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात, पुस्तकांच्या बाजारात जाऊन पहिलाच जाडजूड बोधकथासंग्रह उचलू नका. न वाचणाऱ्या मुलाला तो अभ्यासच वाटतो. आधी भाचा कशात रमतो ते बहिणीला विचारा. क्रिकेट, किडे, भुतं, काहीही चालेल. मग दुकानात पान उघडून बघा: टाइप मोठा, ओळी मोकळ्या, मध्ये चित्रं, प्रकरण चार-पाच पानांत संपणारं. वयाचा आकडा सोडा. नऊ वर्षांच्या मुलाला सहा वर्षांच्यांचं पुस्तक आवडलं तर आवडू दे. चित्रकथा हेसुद्धा वाचनच! बालभारतीचं १९७१ पासूनचं ‘किशोर’ मासिकही छान, हवं ते पान उघडावं. भा. रा. भागवतांच्या साहसकथांमधला फास्टर फेणे तर आपल्या पुण्याजवळच्या फुरसुंगीचा. आणि ‘वाचलंस का?’ असा तगादा नको. पहिलं प्रकरण तुम्हीच मोठ्यानं वाचा, रंगात आलं की थांबा.