ग्रीक शोकांतिकांच्या आधुनिक प्रयोगांवर पीएचडी करायची आहे, सुरुवात कुठून करू?

एकच नाटक आणि तीनच प्रयोग धरा. ‘सगळ्या शोकांतिका’ हा विषय तीन-चार वर्षांत आवरत नाही. उदाहरणार्थ एस्किलसची नाट्यत्रयी ‘ओरेस्तेइया’ आणि तिचे तीन दिग्दर्शक: पीटर स्टाइन (बर्लिन, १९८०), पीटर हॉल (लंडन, १९८१), आरियान म्नूश्किन (पॅरिस, १९९०-९२). प्रयोगांची यादी ऑक्सफर्डमध्ये १९९६ साली सुरू झालेल्या ग्रीक-रोमन नाट्यप्रयोग संग्रहाच्या खुल्या डेटाबेसमध्ये मिळेल. खरी मेख कोरसमध्ये, म्हणजे एकत्र गाणाऱ्या-नाचणाऱ्या समूहात आहे: हॉलने मुखवटे घातलेले पुरुषच घेतले, तर म्नूश्किनचा नाचता कोरस थेट कथकळीकडे बोट दाखवतो. केवळ चित्रफितीवर विसंबू नका; कॅमेरा बोलणाऱ्या नटावर जातो आणि कोरस चौकटीबाहेर राहतो. आधी प्रॉम्प्ट बुक, म्हणजे प्रयोगासाठी वापरलेली, बदल आणि सूचना नोंदवलेली संहितेची प्रत वाचा. छापील अनुवाद म्हणजे रंगमंचावर बोललेली संहिता नव्हे, काटछाट प्रॉम्प्ट बुकमध्येच सापडते.