दम लागतो, दमा नव्हे

एका वाचक भगिनींचा प्रश्न आलाय. रोज सकाळी त्या साताऱ्याच्या अजिंक्यताऱ्यावर फिरायला जातात. निम्म्या चढावर बरोबरीच्या बायका ‘मला बाई दमा लागला’ म्हणत कठड्यावर टेकतात. दम आणि दमा एकच का? आणि याला शुद्ध मराठी शब्द कोणता?

एक नव्हे. दम लागतो, दमा असतो. यवतेश्वराच्या घाटात, एसटी स्टँडवर, सगळीकडे हा ‘दमा लागला’ ऐकून माझे कान किटलेत. दवाखान्यात तर उलटा घोटाळा. डॉक्टर विचारतात, ‘दम लागतो का?’ आणि आजोबा ठणकावून सांगतात, ‘छ्या, आमच्या घराण्यात कुणाला दमा नाही!’

चढ चढताना पायांचे स्नायू जादा कार्बन डायऑक्साइड तयार करतात. मेंदूच्या देठातल्या केंद्राला ते जाणवतं आणि एरवी मिनिटाला १२ ते २० वेळा संथ चालणारा श्वास भराभर चालू लागतो. हा दम, घटकाभर बसलं की ओसरतो. (बसल्याजागी लागणारा दम मात्र डॉक्टरांना दाखवा, मला नको.) दम्यात श्वासनलिकेच्या बारीक फांद्या सुजतात, आवळतात. घेतलेली हवा बाहेर सोडणं जड जातं, म्हणून छातीत शिट्टी वाजते.

शब्द दोन्ही फारसी, एकाच घरचे. दम म्हणजे श्वास. फारसीत लोहाराच्या भात्यालाही दमच म्हणतात, आणि ते मला फार आवडतं. फुप्फुसांना स्वतःला ओढून फुगवणारे स्नायू नाहीत. बरगड्यांमधले स्नायू आणि खालचा पडदा ती ओढतात. भात्याला तरी कुठे स्वतःचा जोर असतो?

काही संस्कृताभिमानी मंडळी मात्र दम म्हटलं की इंद्रियदमनावर जातात. मग एकदम म्हणजे काय, एक संयम? ‘बेदम मारलं’ म्हणजे संयम सोडून मारलं? (हे जुळतं खरं, पण तो ‘बे’ कुठून आणलात?) एकदम म्हणजे एका श्वासात, बेदम म्हणजे श्वास उरणार नाही इतकं.

आणि त्यांना गप्प करणारा शब्द आपल्या तालमीत रोज घुमतो : दमसास. वस्ताद पठ्ठ्याचा दमसास बघतात, सांगलीकडचे नाट्यसंगीताचे दर्दी गवयाचा. यातला ‘सास’ म्हणजे श्वासच, प्राकृतातून झिजून आलेला; उच्छ्वासाचा उसासा झाला तसा. बाजार तोच हाट, कागद तेच पत्र, धन तीच दौलत. परका शब्द दारात आला की मराठी त्याच्या शेजारी घरचा शब्द बसवते आणि पाहुण्याची ओळख करून देते. दम तोच सास! आपल्या पूर्वजांनी अर्थ शब्दातच लिहून ठेवलाय, तरी हे धातुपाठ, म्हणजे संस्कृत धातूंची यादी, उघडून बसणार.

‘दमणे’ या क्रियापदाबद्दल मात्र मी थोडा नमतो. संस्कृतात दम्य म्हणजे जुवाला लावायचा, अजून वठणीवर न आलेला गोऱ्हा. तो वठणीवर येताना थकणारच. माझा कयास असा, की दमणे म्हणजे आपलं संगम माहुली : एकीकडून संस्कृताची कृष्णा, दुसरीकडून फारसीची वेण्णा, आणि पुढे पाणी कुणाचं ते कुणी विचारू नये. कोशकारांना हा कयास रुचणार नाही. न रुचो. त्यांनी कधी नांगरट करून दमलेला बैल धापा टाकताना पाहिलाय का?

हां, शुद्ध शब्द राहिलाच. धाप आहे की. ‘धाप लागली’ म्हणा, कुणी हरकत घेणार नाही. फक्त पुढच्या वळणावर मैत्रिणीला ‘जरा दमानं घे’ म्हणायचं असेल, तर ‘जरा धापेनं घे’ म्हणून बघा.