घर कुणाच्या नावावर आहे, हे सहीआधी विचार

जपानच्या गुन्मा प्रांतातल्या सरकारी शाळांना इंग्रजी शिक्षक पुरवणाऱ्या कंपनीकडून तुला नोकरी मिळते आहे. पगार महिना २,३०,००० येन आणि त्यातून ५२,००० येन घरभाड्याचे कापणार. तू विचारलंस, की ते घर घ्यावं की स्वतः शोधावं, घरात काय असतं आणि इकडून काय न्यावं, आईबाबांना तीन महिने बोलावता येईल का. आणि अगदी शेवटी, जाता जाता विचारल्यासारखं, 'नोकरी सोडली तर घराचं काय?' मी या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीच्या तिन्हींची उत्तरं त्यावरच ठरतात.

माझं लहानपण कोयनानगरला पाटबंधारे खात्याच्या क्वार्टरमध्ये गेलं. बदलीची ऑर्डर आली की आई आधी माळ्यावरची पिंपं खाली काढायची. ते घर आपलं नाही, बाबांच्या नोकरीचं आहे, हे आम्हा भावंडांना कुणी शिकवावं लागलं नाही. तरीही मी शिक्षिका म्हणून जपानला गेले आणि यामागाता प्रांतातल्या एका गावात कंपनीने घराची किल्ली हातात ठेवली तेव्हा मला क्वार्टरची आठवण झाली नाही. भाडं माझ्या पगारातून जातंय म्हणजे घर माझं, असंच मी दोन वर्षं धरून चालले.

मी 'हाकेन' होते, म्हणजे पगार कंपनीचा आणि काम शाळेत. तुझंही तेच असणार. गावाचं शिक्षण मंडळ, ज्याला तिथे क्योइकु इइनकाई म्हणतात, ते शिक्षक पुरवण्याचं काम टेंडर काढून देतं. पुष्कळ ठिकाणी हे टेंडर दरवर्षी निघतं. माझ्या दुसऱ्या वर्षी ते दुसऱ्या कंपनीने कमी भावात घेतलं. शाळेला मी हवी होते, म्हणून नव्या कंपनीने मला त्याच शाळेसाठी ठेवून घेतलं. नोकरी टिकली, शाळा तीच, वर्गातली मुलंही तीच. घर मात्र जुन्या कंपनीच्या नावावर होतं. फेब्रुवारीच्या मध्याला मेल आला: ३१ मार्चपर्यंत घर रिकामं करा.

जपानमध्ये शाळा आणि कचेऱ्यांचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. त्यामुळे मार्चमध्ये अख्खा देश घरं बदलत असतो. सामान हलवणारे दुप्पट पैसे मागतात आणि चांगली घरं जानेवारीतच संपलेली असतात. मी चार दलालांकडे गेले. दोघांनी घरमालकाला फोन लावला, 'परदेशी आहे, पण जपानी बोलते' असं माझ्यासमोरच सांगितलं आणि मान वाकवून माफी मागितली. हे माझ्या एकटीच्या बाबतीत झालं असं समजू नकोस. जपानच्या न्याय मंत्रालयाने २०१६ साली केलेल्या पाहणीत, आधीच्या पाच वर्षांत घर शोधलेल्या परदेशी माणसांपैकी ३९.३ टक्के लोकांनी परदेशी म्हणून घर नाकारलं गेल्याचं सांगितलं होतं. शेवटी आमच्या शाळेचे उपमुख्याध्यापक, क्योतो-सेन्सेइ, शनिवारी स्वतःची गाडी काढून मला त्यांच्या ओळखीच्या म्हाताऱ्या दलालाकडे घेऊन गेले. २७ मार्चला मला घर मिळालं. ते आले नसते तर मी काय केलं असतं, याचा विचार आजही मला नको वाटतो.

म्हणून कंपनीला पहिला प्रश्न हा विचार: भाडेकरार कुणाच्या नावावर आहे? करार तुझ्या नावावर असेल आणि कंपनी फक्त मध्यस्थ असेल, तर नोकरी बदलली तरी घर तुझं राहतं. १९९१ च्या भाडेकायद्याप्रमाणे साध्या करारात घरमालकाला योग्य कारण असल्याशिवाय करार संपवता येत नाही. फक्त 'तेइकी' असा शब्द असलेला करार मुदतीचा असतो. मुदत संपली की तोही संपतो, आपल्या अकरा महिन्यांच्या करारासारखा. आणि करार कंपनीच्या नावावर असेल, तर पुढचं विचार: नोकरी संपल्यावर किती दिवसांत घर सोडायचं? हवं असेल तर करार माझ्या नावावर करून देता येईल का? काही कंपन्या देतात. मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

एवढं सगळं सांगूनही माझं मत असं आहे, की पहिल्या वर्षी कंपनीचं घर घे.

त्याचं कारण पैशांचं आहे. ४५,००० येन भाड्याचं साधं घर स्वतः घ्यायचं तर आधी 'शिकीकिन' म्हणजे डिपॉझिट, बहुधा एक महिन्याचं. मग 'रेइकिन'. शब्दशः अर्थ आभाराचे पैसे, आणि ते परत मिळत नाहीत. मुंबईची पागडी डोळ्यांसमोर आणू नकोस, कारण पागडी देऊन निदान हक्क तरी मिळतो. रेइकिन देऊन काहीच मिळत नाही. त्यावर दलालाचा एक महिना अधिक दहा टक्के कर, जामीन राहणाऱ्या कंपनीची फी, आगीचा विमा, कुलूप बदलण्याचे पैसे आणि पहिल्या महिन्याचं भाडं. अडीच लाख येनपर्यंत गोष्ट जाते, म्हणजे तुझ्या पूर्ण पगाराहून जास्त. शिवाय एप्रिलचा पगार बऱ्याच हाकेन कंपन्या मेच्या शेवटी देतात. हातात जपानी फोन नंबर नाही, बँक खातं नाही, जामीन नाही, अशा अवस्थेत हे करण्यापेक्षा ५२,००० कापून घेऊ दे. कंपनीचं घर असलं की पोचल्याबरोबर पत्ता मिळतो. राहायला लागल्यापासून चौदा दिवसांच्या आत नगरपालिकेत पत्ता नोंदवावाच लागतो, आणि बँक, फोन, विमा सगळं त्या पत्त्यावर अडलेलं असतं.

मात्र ५२,००० हा आकडा तपासून घे. इमारतीचं नाव विचार आणि 'सूमो' या घरांच्या साइटवर तीच इमारत शोध. तिथे शेजारची खोली ३८,००० ला दिसली तर वरचे १४,००० कशाचे, हे विचारायचा तुला हक्क आहे. फ्रिज आणि वॉशिंग मशीनचं भाडं असेल, तर ते वेगळं लिहून माग. वर्षभर असं भाडं भरण्यापेक्षा सेकंडहँड दुकानातून दोन्ही विकत घेणं स्वस्त पडू शकतं. जपानच्या श्रम कायद्याचं कलम २४ सांगतं की पगार पूर्ण द्यायचा, आणि कायद्यात नसलेली कपात करायची तर कामगारांच्या प्रतिनिधीशी लेखी समझोता हवा. तोंडी सांगितलेली कपात मान्य करू नकोस. कलम १६ प्रमाणे करार मोडला म्हणून ठरावीक दंड लावता येत नाही. तेव्हा 'वर्षाआधी सोडलंस तर घराचे एक लाख येन भर' असं कुठे लिहिलेलं दिसलं, तर त्यावर बोट ठेवून विचार. आणि नोकरी सोडल्यावर तू मागितलंस, की सात दिवसांत तुझी राहिलेली देणी द्यायला लागतात, असं कलम २३ म्हणतं.

ऑगस्टचा पगारही विचारून घे. उन्हाळ्याच्या सुट्टीत बऱ्याच हाकेन कंपन्या पगार कमी करतात, कुठे अर्धा, कुठे त्याहूनही कमी. भाडं मात्र पूर्ण कापलं जातं. मेपासून दर महिन्याला थोडं बाजूला टाकलंस तरच ऑगस्ट निभेल.

तू जेट कार्यक्रमाचंही नाव घेतलं होतंस, म्हणून थोडक्यात. परदेशातून शिक्षक आणण्याचा, १९८७ पासून चालू असलेला हा सरकारी कार्यक्रम आहे आणि त्यात शिक्षण मंडळ थेट नेमणूक करतं. तिथे घराचा नियम गावागणिक वेगळा. माझ्या शेजारच्या गावातल्या जमैकाच्या शिक्षिकेला शिक्षकांसाठी बांधलेलं जुनं घर होतं, क्योइन जुताकु. तीन खोल्या, भाडं नावापुरतं. पण भिंतींतून वारा यायचा, आणि शरद ऋतूत पडद्यांच्या घड्यांत घाण वासाचे किडे दाटीवाटीने बसलेले असायचे. तिच्या आधीच्या शिक्षकाने स्वतःचं जुनं सामान तिला विकलं होतं. असं सामान कुणी गळ्यात मारायला लागलं तर आधी फोटो माग.

आता घराच्या आतलं. बहुधा 'वन-के' मिळेल, वीसेक चौरस मीटरची खोली आणि तिला चिकटून चिंचोळं स्वयंपाकघर. रिकामं घर असेल तर ते खरोखरच रिकामं असतं. पडदे नाहीत, पुष्कळदा छताला दिवासुद्धा नाही. पहिल्या रात्री मी मोबाइलच्या उजेडात गादी अंथरली होती. तेव्हा 'फर्निश्ड' म्हणजे नक्की काय काय, ते एकेक वस्तू लिहून माग. गॅस सुरू करायला कंपनीचा माणूस येतो आणि तेव्हा तुला घरी असावं लागतं, म्हणून पोचायच्या दिवशीचीच वेळ घ्यायला सांग. नाहीतर गार पाण्याने अंघोळ, आणि गुन्मातला एप्रिलही त्यासाठी थंडच. गावात पाइपचा गॅस नसेल तर प्रोपेनचं बिल जड जातं. शेगडी घ्यायच्या आधी गॅस कुठला ते बघ, कारण दोन्हींच्या शेगड्या वेगळ्या असतात.

इंडक्शनची चूल असेल तर आईचा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर तिथे तापणारच नाही. इंडक्शनवर चालणारा स्टीलचा तीन लिटरचा घेऊन जा. मिक्सर नेऊ नकोस. तिथली वीज १०० व्होल्टची आहे, आपलं भांडं त्यावर नीट फिरत नाही. गोडा मसाला, मेतकूट आणि हिंग ने. डाळी, कणीक, मोहरी तिथे मिळतात. गुन्मातल्याच इसेसाकी शहराच्या बाजूला आपल्या उपखंडातल्या लोकांची किराणा दुकानं आहेत. फोडणी देताना पंखा लावायचाच. वासाची तक्रार शेजारी तोंडावर करत नाहीत, दलालामार्फत चिठ्ठी येते.

थंडीबद्दल लोक सांगतात, उन्हाबद्दल सांगत नाहीत. गुन्मात हिवाळ्यात डोंगरावरून 'काराक्काझे' नावाचं कोरडं, बोचरं वारं येतं, आणि उन्हाळ्यात त्याच प्रांतातल्या इसेसाकीत ५ ऑगस्ट २०२५ रोजी ४१.८ अंश तापमान नोंदलं गेलं. घरात चालू एसी आहे का, हे आधी विचार. रॉकेलचा स्टोव्ह पुष्कळ इमारतींत चालत नाही. आणि इमारत कधीची, तेही विचार. १ जून १९८१ पासून भूकंपाचे नवे बांधकाम नियम लागू झाले. त्याआधीचं घर असेल तर दुसरं माग, यात भीड ठेवू नकोस. जानेवारी २०२४ मध्ये नोतोच्या भूकंपात काय झालं ते तू बातम्यांत पाहिलं असशील.

किल्ली मिळाल्याच्या दिवशी, बॅगा उघडण्याआधी, भिंती, जमीन, न्हाणीघर, सगळ्याचे तारखेसह फोटो काढ आणि कंपनीला मेल कर. सोडताना साफसफाई आणि दुरुस्तीचं बिल लावतात. २०२० साली सुधारलेल्या नागरी संहितेत साफ लिहिलं आहे, की रोजच्या वापराने झालेली झीज भरून देणं भाडेकरूचं काम नाही. जुन्या कंपनीने मला भिंतीच्या कागदाचे पैसे लावले होते. मी पहिल्या दिवशीचे फोटो पाठवले, त्यानंतर त्यांचं पुन्हा पत्र आलं नाही.

गाडी लागेल का हेही आत्ताच विचार. लागणार असेल तर पार्किंग भाड्यात आहे की वेगळं? भारतातून काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना वर्षभर चालतो. पुढे जपानी परवान्यासाठी आपल्याला लेखी आणि गाडी चालवण्याची परीक्षा द्यावी लागते.

आईबाबा ९० दिवसांच्या व्हिसावर येऊ शकतात. अडचण घराची आहे. कंपनीच्या करारात 'एकट्या व्यक्तीसाठी' असं असेल तर तीन महिन्यांचे पाहुणे बसत नाहीत. लेखी परवानगी घे, किंवा त्यांना दुसऱ्या वर्षी, तुझ्या स्वतःच्या घरात बोलाव. माझे आईबाबा तसेच आले. आईने दारातली चपला काढायची जागा पाहिली आणि म्हणाली, हे आपल्यासारखंच आहे की.

दुसऱ्या वर्षाचं घर ऑक्टोबरपासूनच बघायला लाग, मार्चची वाट बघू नकोस. जवळपास 'यू-आर'ची सरकारी घरं असतील तर ती आधी बघ. तिथे रेइकिन नाही, दलाली नाही, जामीन लागत नाही. दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि पगाराची अट तेवढी असते. ओइझुमी गावाच्या आसपास काम मिळालं तर आणखी सोपं जाईल. तिथे दर पाच माणसांत एक जण परदेशी आहे आणि घरमालकांना त्याची सवय आहे.

कंपनीला इंग्रजीतून विचारलंस तर गोल उत्तर येईल, म्हणून हे वाक्य तसंच पाठव: 'चिंताई केइयाकु नो मेइगिनिन वा दारे देसु का?' भाडेकरार कुणाच्या नावे आहे, एवढंच त्यात विचारलं आहे. उत्तर आलं की करारातलं घराचं पान मला पाठव, पासपोर्ट नंबर झाकून. कांजी लिपी मी वाचून देईन, पण सही त्यानंतर कर.