बूट होताना पीसीला १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी पत्ता मिळतो, असं का?

नेटवर्कवर पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरकडून उत्तर आलं नाही की विंडोज स्वतःच असा पत्ता घेतं. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'आयपीकॉन्फिग /रिन्यू' (ipconfig /renew, म्हणजे पत्ता पुन्हा मागणं) चालवून बघा.

लगेच बरोबर पत्ता मिळाला, तर संशय मॅनेज्ड स्विचवर (ज्याच्या सेटिंग बदलता येतात असा स्विच). स्पॅनिंग ट्रीमुळे (नेटवर्कमध्ये वेटोळं होऊ नये म्हणून स्विच करतो ती तपासणी) लिंक आल्यावर पोर्ट साधारण ३० सेकंद काहीच पुढे पाठवत नाही. तोवर पीसी उत्तराची वाट बघून थकतो. त्या पोर्टवर पोर्टफास्ट, म्हणजे हे थांबणं टाळणारी सेटिंग, चालू करा (फक्त पीसीच्या पोर्टवर, दुसऱ्या स्विचला जोडलेल्यावर नको).

रिन्यूनेही मिळाला नाही आणि बाकीचे पीसी ठीक असतील, तर आधी केबल बदला. नव्या कुणालाच मिळत नसेल, तर बहुधा पूल (वाटायच्या पत्त्यांचा साठा) संपलाय. पत्त्याचा शेवटचा आकडा १०० ते १९९ ठेवला असेल, तर १००च पत्ते, आणि पाहुण्यांचे मोबाइल तेच अडवून बसतात. लीज (पत्ता एकाकडे राहण्याची मुदत) २४ तासांवरून २ तासांवर आणा.