पद्मिनीत गाणी लावण्यापूर्वी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

जुन्या गाडीत नवी संगीत-यंत्रणा बसवण्याविषयी गेल्या दोन महिन्यांत बरीच पत्रे आली. त्यांतील चार प्रश्न येथे घेतले आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुद्दाम विस्ताराने दिले आहे, कारण बहुतेक पत्रलेखकांची अडचण मुळात तीच आहे. आवाजाचा विचार आधी होतो आणि विजेचा हिशेब राहून जातो.

प्रश्न : वडिलांनी १९७८ साली घेतलेली प्रीमिअर पद्मिनी नुकतीच दुरुस्त करून रस्त्यावर आणली. डायनामो आणि वायरिंग मूळचेच आहे. रेडिओ कधी बसवलेला नव्हता. मला ब्लूटूथ, चार स्पीकर आणि जमल्यास सबवूफर हवा आहे. दुकानदार म्हणतात की, डॅशबोर्ड थोडा कापून टचस्क्रीन बसवू. तसे करावे का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : डॅशबोर्ड कापू देऊ नका. पद्मिनीचे उत्पादन थांबून दोन दशकांहून अधिक काळ लोटला आहे. मुंबईत पद्मिनीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी धावत होत्या तोपर्यंत सुट्या भागांना निदान गिऱ्हाईक होते. ऑक्टोबर २०२३ अखेर त्याही बंद झाल्या. आज न कापलेला डॅशबोर्ड शोधायला निघालात तर भंगारबाजारात किती फेऱ्या होतील, याचा विचार करा. वडिलांनी ज्या डॅशबोर्डकडे पाहत वर्षानुवर्षे गाडी चालवली, तो एका पडद्यासाठी गमावण्यासारखा नाही. पडद्याची गरजही नाही, कारण गाणी आपल्या फोनमध्येच असतात.

आता विजेकडे वळू. आपल्या गाडीतील डायनामोची (इंजिनाच्या फिरण्यातून वीज बनवणाऱ्या जनित्राची) पूर्ण क्षमता साधारण १५ ते २० अँपिअरच्या घरात असते, आणि तीही इंजिन चांगल्या वेगात फिरत असताना. सिग्नलला गाडी उभी असते तेव्हा चार्जिंगचा लाल दिवा मंद पेटलेला आपण पाहिला असेल. त्या क्षणी डायनामो जवळजवळ काहीच देत नसतो आणि सगळा भार बॅटरीवर असतो. रात्री पावसात गाडी चालवत आहात असे समजा. ४० वॉटचे दोन हेडलाइट सुमारे ७ अँपिअर घेतात, मागचे व बाजूचे दिवे मिळून २, इग्निशन कॉइल ३ ते ४ आणि वायपर आणखी २ ते ३. बेरीज १५ च्या आसपास जाते. संगीतासाठी जे उरते ते एवढे थोडे असते, की मोठ्या सबवूफरचा विचार येथेच सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

यातून निराश होण्याचे कारण मात्र नाही. स्टिरिओच्या खोक्यावर ‘५० वॉट गुणिले ४’ असे छापलेले असते, त्याचा फारसा अर्थ नसतो. गाडीतील विद्युतदाब १४.४ व्होल्ट धरला, तर तो आत न वाढवता ४ ओहमच्या स्पीकरला स्वच्छ आवाजात जास्तीत जास्त २६ वॉट देता येतात, आणि प्रत्यक्षात २० च्या आतच मिळतात. घरातल्याइतक्या आवाजात गाणे ऐकताना तर सरासरी एक-दोन वॉटच लागतात. म्हणून वॉटचा आकडा मोठा पाहण्यापेक्षा स्पीकरची संवेदनशीलता, म्हणजे तेवढ्याच विजेत तो किती मोठा आवाज देतो ते, पाहून खरेदी करावी. ८९ डेसिबलच्या स्पीकरऐवजी ९२ डेसिबलचा घेतला, तर तेवढ्याच आवाजासाठी निम्मी वीज पुरते. अँप्लिफायर क्लास-डी प्रकारचा निवडावा, कारण तो घेतलेल्या विजेपैकी फारच थोडी वीज उष्णतेत घालवतो. ब्लूटूथची सोय असलेला, चार वाहिन्यांचा, पुस्तकाएवढा अँप्लिफायर पुढच्या सलग सीटखाली सहज मावतो. बाहेर दिसण्यासारखी एकच वस्तू म्हणजे आवाजाची छोटी कळ, आणि तीही डॅशबोर्डच्या खालच्या कडेला पट्टीने अडकवता येते.

मूळ वायरिंगमधून या यंत्रणेला वीज घेऊ नये. काही वर्षांपूर्वी माझ्या स्वतःच्या पद्मिनीत एका कारागिराने हेडलाइटच्या तारेलाच स्टिरिओची तार पिळून वर काळी टेप गुंडाळली होती. पहिल्याच पावसाळ्यात एका संध्याकाळी जळक्या रबराचा वास आला. बॉनेट उघडले तेव्हा टेप वितळून पत्र्याला चिकटली होती, आणि बोटाने दाबताच तारेवरचे कवच बिस्किटासारखे तुटून हातात आले. आतले तांबे काळे पडले होते. पेट्रोलची नळी तेथून वीतभर अंतरावर होती. चाळीस वर्षांच्या तारा बाहेरून धडधाकट दिसतात, पण त्यांच्यावर नवा भार टाकण्याजोगे त्यांत काही उरलेले नसते.

म्हणून बॅटरीपासून अँप्लिफायरपर्यंत ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र तार ओढावी. हा आकडा उगीच सांगत नाही. ४ मीटर लांबीच्या अशा तारेत १० अँपिअरला सुमारे ०.१८ व्होल्ट गळतात. तीच तार १ चौरस मिलिमीटरची असेल तर ०.७ व्होल्ट जातात, आणि डायनामोच्या गाडीत तेवढी चैन परवडत नाही. फ्यूज बॅटरीपासून फूटभराच्या आत बसवावा, कारण फ्यूजच्या अलीकडे तार पत्र्याला टेकली तर तिला वाचवणारे कोणी नसते. तार इंजिनच्या बाजूकडून आत येते त्या भोकाला रबरी ग्रॉमेट (तार पत्र्याला घासू न देणारी कडी) हवेच. भोकही नवे पाडू नये. स्पीडोमीटरची केबल किंवा मूळ वायरिंग जाते त्यांपैकी एखाद्या भोकात जागा सापडते. यंत्रणा चालू-बंद करण्याचे काम रिलेकडे (थोड्या प्रवाहावर मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या स्विचकडे) द्यावे, म्हणजे इग्निशनच्या जुन्या स्विचमधून रिलेपुरताच किरकोळ प्रवाह जाईल.

स्पीकरसाठी दारांची अस्तरे कापू नयेत. मागच्या काचेखालच्या फळीवर ९ मिलिमीटर प्लायवुडची दुसरी फळी कापून ठेवावी, तिच्यावर मूळ रंगाचे रेक्झिन चढवावे आणि मागचे स्पीकर तिच्यात बसवावेत. डिकीची पोकळी पाठीशी मिळत असल्याने खालचे स्वर अपेक्षेपेक्षा भरदार येतात, आणि सबवूफरची उणीव बरीचशी भरून निघते. पुढचे ४ इंची स्पीकर पायांजवळच्या बाजूच्या भागात, प्लायवुडच्या लहान खोक्यांत ठेवावेत. उद्या हे सारे काढले, तर गाडीवर एकही खूण राहता कामा नये.

दारांत आवाज शोषणारे ब्युटाइल रबराचे पत्रे चिकटवण्याचा मोह होतो आणि त्यांचा उपयोगही होतो; मात्र दाराच्या तळाची पाणी जाण्याची भोके झाकली जाणार नाहीत, हे स्वतः वाकून पाहावे. नमदा मात्र पायाखाली घालू नये. त्यात मुरलेले पावसाचे पाणी आठवडाभर सुकत नाही आणि खालचा पत्रा गंजत राहतो.

डायनामो काढून अल्टरनेटर (इंजिन मंद असतानाही वीज देणारे नव्या प्रकारचे जनित्र) बसवण्याचा सल्ला आपल्याला कोणी ना कोणी देईलच. निव्वळ गाण्यांसाठी मी तो बदल करणार नाही. रात्री घाटातून जाणे-येणे नेहमीचे असेल आणि हेडलाइटच अपुरे पडत असतील, तर तो जरूर करावा. काढलेला डायनामो आणि कटआऊट (डायनामोच्या विजेचे नियमन करणारी डबी) तेल पुसून, कापडात गुंडाळून घरी जपून ठेवावा.

आणखी एक गोष्ट. आपली गाडी महिन्यातून एक-दोनदाच बाहेर निघत असणार. बंद असलेली यंत्रणाही २० मिलिअँपिअर खात राहिली, तर महिन्याला सुमारे १४ अँपिअर-तास संपतात. ३२ अँपिअर-तासांच्या बॅटरीतून निम्मी वीज अशीच गेली, की चौथ्या रविवारी गाडीला धक्का मारावा लागतो. बॅटरीच्या ऋण टोकावर हाताने फिरवायचा कटऑफ स्विच बसवावा.

प्रश्न : माझ्या १९८४ च्या गाडीत अँप्लिफायर बसवल्यापासून स्पीकरमधून ‘कूंऽऽ’ असा आवाज येतो. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की तो चढत जातो. मेकॅनिक म्हणतात अँप्लिफायर बदला. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : अँप्लिफायर बदलण्याची घाई करू नये. आधी फोन चार्जरपासून सोडवून पाहावा. आवाज गेला, तर चार्जरची अर्थ (बॉडीच्या पत्र्याला जोडलेली परतीची तार) आणि अँप्लिफायरची अर्थ वेगवेगळ्या ठिकाणी जोडलेली आहे. दोन्ही एकाच बोल्टवर आणाव्यात, आणि त्या बोल्टखालचा रंग खरवडून पत्रा चकचकीत करावा. आवाज तसाच राहिला, तर इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थची पट्टी पाहावी. जुन्या गाड्यांत ती तेलकट, अर्धी तुटलेली असते आणि कोणी तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. त्यानंतरही कुरबूर उरली, तर डायनामोच्या मुख्य टोकाला ही कुरबूर शमवणारा कपॅसिटर लावता येतो. फील्डच्या (आतल्या चुंबकाच्या गुंडाळीच्या) टोकाला मात्र तो कधीही लावू नये, कारण त्याने कटआऊटचे काम बिघडते. ‘कूंऽऽ’ऐवजी ‘टक-टक’ असा तुटक आवाज येत असेल, तर दोष इग्निशनकडचा आहे. तेथे रोधक असलेल्या प्लगच्या वायरी वापरून पाहाव्यात.

प्रश्न : माझ्याकडे १९५६ ची मॉरिस मायनर आहे. तिच्या बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले आहे. नवा स्टिरिओ चालेल का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : तसाच जोडला तर चालणार नाही, आणि बहुधा त्याच क्षणी जळेल. त्या काळातील बहुतेक ब्रिटिश गाड्यांना धन टोकाची अर्थ असे. आजची यंत्रणा सरसकट ऋण अर्थसाठी बनवलेली असते. काही कारागीर स्टिरिओखाली रबर घालून, तो पत्र्याला न टेकवता उलट्या तारांनी जोडतात. हा उपाय मला धोक्याचा वाटतो, कारण अँटेनाच्या केबलचे बाहेरचे वेष्टन बॉडीला लागलेले असते. अँटेना खोचताच बॅटरीची दोन्ही टोके त्या पातळ वेष्टनातून एकमेकांना भिडतात.

दोन मार्ग सुरक्षित आहेत. पहिला म्हणजे, प्रवेश आणि निर्गम विद्युतदृष्ट्या पूर्ण वेगळे ठेवणारा १२ व्होल्टचा कन्व्हर्टर वापरणे. त्यात गाडीचे मूळ स्वरूप कायम राहते. घेताना तो ‘आयसोलेटेड’ असल्याची खात्री करून घ्यावी, साधा कन्व्हर्टर येथे उपयोगाचा नाही. दुसरा म्हणजे, गाडीचीच अर्थ बदलणे. बॅटरी फिरवावी, कॉइलच्या दोन्ही तारांची अदलाबदल करावी आणि डायनामोला नवे ध्रुवत्व द्यावे. त्यासाठी फील्डच्या टोकावरची तार सोडून, बॅटरीच्या अर्थ नसलेल्या टोकाकडून आणलेली तार त्या टोकाला दोन-तीन वेळा क्षणभरच टेकवायची; बारीक ठिणगी दिसली की काम झाले. इंजिन सुरू करण्यापूर्वीच हे उरकावे, नाहीतर कटआऊटचे पॉइंट जळतात. बॅटरीची दोन टोके सारख्या जाडीची नसतात, त्यामुळे क्लॅम्पही बदलावे लागतील. विजेवरचा पेट्रोलपंप पूर्वी कधी बदललेला असेल आणि त्यात इलेक्ट्रॉनिक भाग असेल, तर तो आधी तपासून घ्यावा. बदल पूर्ण झाल्यावर बॉनेटच्या आत ‘ऋण अर्थ’ अशी ठळक चिठ्ठी लावावी, कारण पुढचा मेकॅनिक जुन्या माहितीवर विसंबून बॅटरी उलटी जोडू शकतो.

प्रश्न : आमच्याकडील १९६६ च्या फियाटमध्ये दोन बटणांचा मूळ रेडिओ आहे, तो बंद आहे. त्याच्या आतील भाग काढून ब्लूटूथ घालावे असे मुलगा म्हणतो. विंटेज नोंदणीला याने बाधा येईल का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार, पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेली आणि मूळ स्वरूपात जपलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते; चॅसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. रेडिओ या तिन्हींत मोडत नाही. तरीही रेडिओ आतून पोकळ करू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

त्या काळातील रेडिओ बंद पडण्याचे कारण बहुधा सुकलेले कपॅसिटर हेच असते, आणि जुने रेडिओ दुरुस्त करणारा जाणता माणूस ते बदलू शकतो. त्याच वेळी आवाजाच्या बटणाजवळ एक जादा तार आत घेऊन तिला लहानसे ब्लूटूथ-यंत्र जोडता येते. ते यंत्र ग्लोव्हबॉक्समध्ये ठेवावे. फोनवरचे गाणे मग रेडिओच्याच अँप्लिफायरमधून, त्याच्याच एका स्पीकरवर वाजते. आवाज काही वॉटचाच असेल, पण जुनी गाणी त्यावर फार गोड लागतात. मुलाला स्टिरिओच हवा असेल, तर सांगलीच्या वाचकांना सुचवलेला अँप्लिफायर सीटखाली वेगळा बसवावा आणि रेडिओ आपल्या जागी चालू ठेवावा. दुरुस्तीला देण्यापूर्वी रेडिओचे चहूबाजूंनी फोटो काढावेत आणि काढलेले कपॅसिटर पिशवीत भरून परत मागावेत. डायलचा दिवा गेला असेल तर त्याच वॉटचा पिवळा बल्ब लावावा. पांढऱ्या एलईडीच्या प्रकाशात मीडियम वेव्हचे ते आकडे ओळखू येत नाहीत.